रंगरावांनी फिल्टरचा दसरा काढला

रंगराव गपाटांनी पुसून ठेवलेल्या मशीनवर माशी बसली तर घसरून पडेल, असं भोसरीत म्हणत. म्हणणारे अर्थात थट्टेनं म्हणत, पण रंगराव ते प्रशस्तिपत्रक समजून घरी जाऊन बायकोला सांगत. सरूबाईंना त्यात नवीन काही नव्हतं. माशी घसरण्याचा प्रकार त्या घरीही रोज बघत होत्या.

मराठवाड्यातल्या भूम तालुक्यातून सव्विसाव्या वर्षी आलेला हा माणूस भोसरीच्या एकाच वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं फिटर होता. चाकणच्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग तिथं तयार होत. मशीन पुसायचा कॉटन वेस्टचा बोळा रंगरावांच्या हातात कायम असायचा, इतका की त्यांच्या लग्नाच्या फोटोतही तो असेल असं लोकांना वाटे. त्यांचं एक साधं तत्त्वज्ञान होतं: मशीन बिघडतं ते मळानं, आणि बाकीची सगळी कारणं इंजिनियर लोकांनी पगारासाठी शोधलेली असतात.

मग शेठच्या मुलांनी वर्कशॉप बंद करून शेड गोडाऊनला भाड्यानं दिली आणि रंगराव घरी बसले. बसले म्हणजे काय, चौदा महिन्यांत त्यांनी मिक्सर दोनदा, पंखे तीनदा आणि गॅसची शेगडी किती वेळा खोलली याची गणतीच राहिली नाही. शेवटी एका सकाळी पोळपाट उलटा करून त्याचे पाय तपासणाऱ्या नवऱ्याकडे बघत सरूबाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही कुठंतरी कामाला लागा, न्हाईतर मी लागते.’’

असे रंगराव ताथवड्यातल्या एका बहात्तर फ्लॅटच्या सोसायटीत लागले. काम पंप, मोटारी आणि पाण्याचा फिल्टर सांभाळायचं. सेक्रेटरी गणराज कुलथे हिंजवडीला नोकरीला होते. जाताना एक तास आणि येताना एक तास त्यांची कॅब गर्दीत उभी राही आणि सोसायटीचा सगळा कारभार त्या दोन तासांत, मोबाइलवर चाले. त्यांनी रंगरावांना सांगितलं होतं, सहा महिने बघू, मग कायम करू. ते सहा महिने दसऱ्यानंतरच्या रविवारी भरत होते. त्या रविवारी सोसायटीची सभा होती आणि विषयपत्रिकेवर तिसरा विषय रंगरावांचा होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. पुन्हा घरी बसलो तर सरूबाई खरंच कुठंतरी लागतील, हेही माहीत होतं.

पंपघरातला तो फिल्टर म्हणजे रंगरावांपेक्षा वीतभर उंच अशी एक गोल, निळी, लोखंडी टाकी. टँकरचं आणि बोअरचं पाणी तिच्यात वरून शिरायचं आणि खालून स्वच्छ होऊन निघायचं. मध्ये काय घडतं हे बहात्तर फ्लॅटांतल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं, त्यांत एकोणीस इंजिनियर धरून. आधीच्या माणसानं नोकरी सोडताना रंगरावांना दहा मिनिटांत सगळं शिकवलं होतं. हँडल या खुणेवर असलं की पाणी गाळलं जातं. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दाबाचे दोन काटे आहेत, त्यांच्यात फार फरक पडला की हँडल दुसऱ्या खुणेवर आणायचं. मग पाणी उलटं, खालून वर जातं आणि अडकलेला गाळ गटारात नेऊन सोडतं. तिसऱ्या खुणेवर थोडा वेळ पाणी सोडून द्यायचं, कारण धुतल्यानंतरचं पहिलं पाणी चांगलं नसतं. झालं. टाकीच्या आत वाळू आहे, असंही तो जाता जाता म्हणाला होता.

आत वाळू आहे आणि ती आपण कधी बघितलेली नाही, हा विचार रंगरावांना सहा महिने चावत होता.

मराठवाड्यात घटस्थापनेच्या आधी घरातल्या गोधड्या, वाकळा, भांडीकुंडी सगळं बाहेर काढून धुतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. भोसरीत रंगराव तोच प्रकार खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीनांच्या बाबतीत करत. नट न् नट सुटा, धुऊन, पुसून परत जागेवर, आणि दुसऱ्या दिवशी हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. या वर्षी त्यांच्या ताब्यात एकच मोठं मशीन होतं आणि ते निळं होतं.

मंगळवारी सकाळी सोसायटीच्या टाक्या काठोकाठ भरून घेऊन त्यांनी फिल्टरकडे जाणारं पाणी बंद केलं आणि वरच्या झाकणाचे बोल्ट सोडले. आत बघितलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. वाळूवर बोटभर जाडीचा काळपट, बुळबुळीत थर होता. सोसायटीतले लोक याच्यातून गेलेल्या पाण्यानं आंघोळ करतात या कल्पनेनं त्यांना सोसायटीची दया आली.

त्यांनी डब्यानं सगळं उपसायला घेतलं. वर बारीक वाळू निघाली. तिच्याखाली जाड वाळू, तिच्याखाली हरभऱ्याएवढे खडे आणि तळाला लिंबाएवढे गोटे. रंगराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एकतीस वर्षांचा फिटर एका नजरेत ओळखतो, ते त्यांनी ओळखलं: भरणाऱ्यानं हे उलटं भरलं होतं.

त्यांचा हिशेब चोख होता. धान्य चाळताना आधी मोठ्या भोकाची चाळण घेतात, मग बारीक. पाणी वरून येतं, म्हणजे वर गोटे पाहिजेत. काडीकचरा गोट्यांत अडकेल, बारीक घाण खड्यांत, त्याहून बारीक वाळूत. कुणीही मान डोलवावी असा हा विचार होता. आधीच्या माणसानं सहा वर्षं उलट्या फिल्टरवर काढली, याचं रंगरावांना हसू आलं.

दुपारपर्यंत गच्चीवर ताडपत्री पसरली गेली आणि तिच्यावर, कपड्याच्या पावडरीनं खळखळून धुतलेली वाळू कुरडयांसारखी वाळू लागली. गोटे तर त्यांनी एकेक करून घासले. चौथ्या मजल्यावरच्या सुमनताई पापड वाळवायला वर आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. आपल्या सुनेला दाखवायला त्यांनी फोटो काढला. संध्याकाळी रंगरावांनी आधी बारीक वाळू, मग जाड, मग खडे आणि सगळ्यात वर ते चकचकीत गोटे असं शिस्तीत भरून झाकण आवळलं. खंडेनवमीला टाकीला झेंडूचा हार चढला. गणराज कुलथ्यांनी कॅबमधून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘कर्तव्यनिष्ठा’. त्रेचाळीस अंगठे उठले.

त्या दिवशी टाक्यांमध्ये आधीचंच पाणी होतं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, नवं आलं.

सकाळी सात वाजता बी विंगमधून पहिला संदेश आला की बादलीत वाळू आहे. सव्वासातला सुमनताईंनी कळवलं की पुरणासाठी डाळ शिजवली होती ती दाताखाली करकरते. आठपर्यंत गढूळ पाण्याचे अठ्ठावीस फोटो जमले. एकात थोडा फेसही होता. एका गृहस्थांनी नळाखाली पांढरा रुमाल बांधून तो उघडून दाखवला होता. त्यात इतकी वाळू होती की कुंडीत घालता आली असती.

आता टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायटीत काही बिघडलं की कारण शोधावं लागत नाही, ते रोज दोनदा फाटकातून हॉर्न वाजवत आत येतं. टँकर चालवणारा विक्की पस्तिशीचा, अंगानं दांडगा आणि जिभेनं सैल माणूस होता. तो नदीतलं पाणी भरतो, त्याची टाकी कधी धुतलेली नसते, त्याच्या मिशाच बघा, अशी माहिती ग्रुपवर भराभर जमा झाली. गणराजनी मत घेतलं. एक्कावन्न विरुद्ध तीन मतांनी विक्कीचा टँकर त्याच दिवसापासून बंद झाला आणि दुसऱ्याचा सुरू झाला. कायमचं काढायचा ठराव रविवारी मांडायचा ठरलं.

रंगरावांनी आधी तेच मानलं. विक्कीशी त्यांचं रोज भांडण होई आणि रोज एक चहा दोघांत होई, त्यामुळे मनातून वाईट वाटलं, पण मानलं. दुपारी सुमनताईंनी बादलीच्या तळाची मूठभर वाळू त्यांच्या हातावर ठेवली. रंगरावांनी ती बोटांनी चिमटली. ती वाळू नदीतली नव्हती. ती त्यांनी मंगळवारी दिवसभर स्वतःच्या हातांनी चोळली होती. आई लेकरू ओळखते तशी त्यांनी ती ओळखली.

ते कुणाला काही बोलले नाहीत. वाळू रुमालात बांधून दुसऱ्या दिवशी ते पीएमपीच्या बसनं भोसरीला गेले.

भोसरीत चतुराबाई ओव्हाळ यांचं फिल्टरच्या वाळूचं गोडाऊन होतं. नवरा कंपनीत असताना त्यांनी घराला हातभार म्हणून वाळू चाळायला सुरुवात केली, त्याला बावीस वर्षं झाली. आता त्यांच्याकडे वेगवेगळ्या भोकांच्या सहा मोठ्या चाळण्या, एक वजनकाटा आणि चार बायका होत्या. गोटे, खडे, जाड वाळू, बारीक वाळू अशी पोती वेगवेगळी शिवून त्या चाकणच्या कंपन्यांना पुरवत. रंगराव म्हणाले, बारीक वाळू पाहिजे, दोन पोती, आणि नमुन्याला रुमाल उघडला.

चतुराबाईंनी चिमूट उचलली, तळहातावर ओली केली, अंगठ्यानं फिरवली आणि मग नाकाशी नेली.

‘‘पावडर कुठली वापरता, दादा?’’

रंगरावांनी कंपनीचं नाव सांगितलं. वास चांगला आहे म्हणाल्या. मग स्टूल पुढं सरकवून त्यांनी, नेमकं काय केलंत, असं विचारलं आणि रंगरावांनी सगळं सांगितलं, चाळणीच्या हिशेबासकट. चार बायकांचे हात थांबले होते. एकीनं पदर तोंडाला लावला.

‘‘तुमचा हिशेब बरोबर हाय, दादा. पर ही चाळण न्हाई,’’ चतुराबाई म्हणाल्या. ‘‘चाळणीचं भोक मातीपेक्षा बारीक लागतं. हितं दोन कणांच्या मधी जी फट हाय, तिच्यातून गढूळ पाण्यातली माती आरामात जाईल. मग का जात न्हाई? तुमी सकाळी हिंजवडीला गेलात का कधी? रस्ता गाडीपेक्षा रुंदच हाय की. तरी गाड्या अडकत्यात. मातीचंबी तसंच. ह्या कणाला वळसा, त्या कणाला वळसा, आन् वाळूच्या अडीच फुटांत कुठंतरी चिकटून बसतीच.’’

रंगरावांनी विचारलं, मग खालचे गोटे कशाला.

‘‘वाळूला मांडी द्यायला. गोटे काय बी गाळत न्हाईत. ते वरचं ओझं धरत्यात आन् पाण्याला वाट ठेवत्यात. तुमी बारीक वाळू तळाला घातली, तळाच्या फटीतनं ती निघाली नळाला. आन् वरून गाळ आला तो गोट्यांतनं सुसाट खाली.’’

‘‘आणि वरचा तो काळा मळ? बोटभर होता, ताई.’’

‘‘असणारच. मळ दिसला म्हंजे फिल्टर काम करतोय. थोडका मळ म्होरल्या मळाला धरून ठेवतो. लई झाला की काटा सांगतो, मग उलटं पाणी सोडायचं. त्याला हात लावायचं काम न्हाई.’’

एकतीस वर्षांत मळाच्या बाजूनं कुणी बोललेलं रंगरावांनी ऐकलं नव्हतं. मग ते म्हणाले, आपला बेत असा आहे की शनिवारी दुपारी लोक सुट्टीत झोपतात तेव्हा टाकी खोलून सगळं नीट भरायचं. रविवारपर्यंत पाणी स्वच्छ येईल. रविवारी त्यांचं कायम व्हायचं आहे. टँकरवाल्याला काढलंय, हेही त्यांनी सांगितलं, पण ते रुमालाची घडी घालता घालता.

चतुराबाईंनी पोतं काट्यावर टाकलं. आकडा बघितला, थोडी वाळू काढली.

‘‘म्हंजे टँकर बदलला आन् पाणी सुधारलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी जितकं चांगलं भराल, दादा, तितका तो गडी खोटा ठरंल.’’

रंगराव पोती न घेताच परतले. चतुराबाईंनी पोती रविवारी सकाळी टेम्पोनं पोचवते म्हणून सांगितलं. आपण हो म्हटलं की नाही, हे रंगरावांना स्वतःलाही बसमध्ये आठवेना. शनिवारी दुपारी सोसायटी झोपली. रंगराव पाना घेऊन दोनदा टाकीपाशी गेले आणि दोनदा तो पेटीत ठेवून आले.

रविवारी सभा पार्किंगमध्ये भरली. विक्की आपली बाजू मांडायला आला होता आणि एका खांबाला टेकून, कुणी विचारायच्या आत उत्तरं देत होता. पहिला विषय त्याचाच निघाला. गणराज ठराव वाचत असताना रंगराव मागून पुढे आले.

‘‘पाणी विक्कीनं खराब केलेलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी केलं. मी फिल्टर उलटा भरला.’’

मग सुमनताईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या की रंगराव, तुम्ही देवमाणूस आहात, पण दुसऱ्याचं पाप असं अंगावर घेऊ नये. बऱ्याच माना डोलल्या. ज्या माणसानं गोटे घासून काढले त्याच्या हातून पाणी खराब होईल हे कुणाला पटण्यासारखंच नव्हतं, आणि फोटो सगळ्यांनी पाहिले होते. गणराज म्हणाले, मतदान झालेलं आहे, कारण निश्चित झालेलं आहे. ए विंगमधले एक निवृत्त गृहस्थ तर उभं राहून म्हणाले की असा माणूस मिळायला भाग्य लागतं, तिसरा विषय आत्ताच घ्या आणि यांना कायम करा. टाळ्या पडल्या. टाळ्यांतच रंगराव कायम झाले.

ते पुटपुटले असते आणि मागे जाऊन उभे राहिले असते, तर गोष्ट इथंच संपत होती. प्रामाणिकपणे सांगितलं, लोकांना पटलं नाही, आपण काय करणार, असं म्हणायची सोय झाली होती. विक्की खांबापासून सुटा होऊन त्यांच्याकडे बघत होता.

रंगराव पंपघरात गेले, पाना घेतला, झाकणाचे बोल्ट सोडले आणि परत येऊन गणराजना म्हणाले, या आणि आत हात घाला.

गणराजनी आयुष्यात कीबोर्डशिवाय कशात हात घातलेला नव्हता. पण सगळी सभाच मागोमाग पंपघराच्या दाराशी लोटल्यामुळे त्यांना शर्टाची बाही वर करावी लागली. आत हाताला गोटे लागले. गुळगुळीत आणि स्वच्छ. गढूळ पाणी तीन दिवस त्यांच्यावरून गेलं होतं, तरी गाळ जवळजवळ नव्हता.

‘‘छान आहे की,’’ गणराज म्हणाले.

‘‘तेच तर चुकलंय, साहेब,’’ रंगराव म्हणाले. ‘‘गाळ वर थांबायला पाहिजे होता. इथं नाही थांबला, म्हणजे तो तुमच्याकडं आला.’’

तेवढ्यात फाटकातून तीनचाकी टेम्पो आत आला आणि पोत्यांवर बसलेल्या चतुराबाई उतरल्या. त्यांनी सभेकडे बघितलं, टाकीत डोकावलं, एकोणीस इंजिनियरांना उद्देशून ‘‘उलटंच हाय,’’ एवढंच म्हणाल्या आणि पोती उतरवायला सांगून हिशेबाची वही काढली. रंगरावांनी जे सांगून पटलं नव्हतं ते त्यांच्या दोन शब्दांनी पटलं, कारण त्या बाहेरच्या होत्या आणि टेम्पोनं आल्या होत्या.

मग सभेनं तितक्याच एकमतानं उलट प्रवास केला. विक्कीचा ठराव रद्द झाला. रंगरावांचं कायम होणं रद्द झालं, कारण टाळ्यांनी झालेलं कायम ग्राह्य नाही असं त्याच निवृत्त गृहस्थांनी नियम काढून दाखवलं. पुढे काय करायचं यावर कमिटी पार्किंगमध्ये वेगळी बसली. काही जणांना रंगरावांना काढावं असं वाटत होतं. सुमनताईंचं म्हणणं पडलं की नवा माणूस आणला तर तो नवी चूक करील, यांची निदान होऊन गेलेली आहे.

रंगराव तोवर टाकी उपसत होते. विक्की दारात येऊन उभा राहिला.

‘‘काका, तुम्हाला कधी कळलं हे?’’

‘‘दसऱ्याला. दुपारी.’’

विक्कीनं बोटं मोजली. ‘‘म्हणजे तीन दिवस.’’

‘‘व्हय.’’

‘‘तीन दिवस मी घरी बसलो. बायकोनं दोन वेळा विचारलं, खरंच नदीतलं भरतोस का म्हणून.’’

रंगराव डब्यानं उपसत राहिले. मग विक्की चप्पल बाहेर काढून आत आला आणि चतुराबाईंच्या पोत्याचं दुसरं टोक धरलं. ‘‘उचला,’’ म्हणाला, ‘‘आणि ह्या खेपेला मला दाखवून भरा.’’

तळाला गोटे गेले. त्यांच्यावर खडे. मग जाड वाळू, मग बारीक, आणि प्रत्येक थराला विक्की वाकून बघे आणि ‘‘पुढं’’ म्हणे. झाकण आवळल्यावर रंगरावांनी पाणी उलटं सोडलं, बराच वेळ, नंतर तिसऱ्या खुणेवर आणून पाणी गटारात जाऊ दिलं. एवढं पाणी वाया जातंय म्हणून गणराज दोनदा सांगायला आले. पहिलं पाणी द्यायचं नसतं, असं सांगून त्यांना विक्कीनंच परतवलं.

साडेपाचला पाणी स्वच्छ झालं. सभा तोवर केव्हाच संपली होती. इतिवृत्तात तिसऱ्या विषयापुढे लिहिलेलं होतं: श्री. रंगराव गपाट, सहा महिने बघू. आजपासून.